अमेरिका विरुद्ध युरोप, गट नंबर माहीत नाही

आमच्या गावात अमेरिका आन् युरोपाचं भांडण झालं ते ग्रामपंचायतीम्होरच्या पारावर, मंगळवारी, सकाळी साडेनऊला. युरोपानं लाकडाचा बूट फेकून हाणला. अमेरिकेची कवळी नालीत पडली.

अमेरिका म्हंजे राधाकिशन तात्या. त्यांचा पोरगा तिकडं कॉम्प्युटरमधी हाय. तात्या सहा महिने तिकडं राहून आले आन् तवापासून म्होरं चोच असलेली टोपी घालतेत. झोपताना काढतेत का न्हाई, कुणाला म्हाईत न्हाई. युरोप म्हंजे सुंदरराव अण्णा. त्यांची लेक हॉलंडला दिली. अण्णा तिकडून लाकडाचे बूट घेऊन आले. ते भिताडाला टांगायचे असतेत, पण अण्णा घालून फिरतेत. अण्णा येयलेत हे दोन गल्ल्यांवरून कळतंय, खटाक खटाक.

हे दोघं साडू. सख्ख्या दोन बहिणी दोघांच्या घरी. त्यामुळं भांडण तसं जुनंच, पण आधी ते ट्रॅक्टरवरून व्हायचं. आता खंडावरून व्हायलंय.

त्या दिवशी विषय असा, की काळ्या माणसाला कुठं चांगलं वागवतेत.

तात्या म्हणले, "आमच्याकडं काळा माणूस राष्ट्रपती झाला बे! दोन येळेस! तुमच्या हॉलंडात काय झालं?"

अण्णा म्हणले, "आमच्या राजानं गुलामगिरीची माफी मागितली. भर चौकात. तुमच्याकडं कोण मागतंय?"

"जहाजं कुणाची होती माणसं पकडून न्यायला? तुमचीच ना?"

"आन् उतरवून घेतली कुणी? तुमीच ना?"

"तू मला माणसं पकडणारा म्हणायला का बे?" अण्णाच परत भडकले.

तिथून बूट. म्या समोरच उभी होते, पाण्याची घागर घेऊन. कवळी नालीतून काढायला कुणी पुढं होईना, मंग तात्यांच्या बायकूनं, वनमालाकाकूनं, चिमट्यानं काढली.

मी पौर्णिमा. वय सतरा. नववीत शाळा सोडली. सोडली म्हंजे सरानं मला म्हणलं, तुला शिकून काय दिवे लावायचेत, आन् म्या डस्टर त्येच्या अंगावर फेकलं. त्यावर जास्त बोलणार न्हाई. सांगायचं हे की त्या दिवशी मला त्या दोघांच्या भांडणात कायबी गोडी नव्हती, मला मपली फिकर होती.

माझी माय, भिमाबाई, बचत गटात हाय. गटाला पिठाची चक्की मंजूर झाली. चक्की चालवणार मी, हे ठरलेलं. पण चक्की पडून राहिली तेलगावच्या फाट्यावर, एका दुकानात. कारण आमच्या वस्तीत टेम्पो येत न्हाई. टेम्पो कावून येत न्हाई? कारण वाट न्हाई. पयलं बैलगाडी जाईल एवढी वाट होती. एका बाजूला तात्यांचं रान, एका बाजूला अण्णांचं. तात्यांनी सरळ काटेरी तार ठोकली, अर्धी वाट आत घेतली. जाब विचारला तर म्हणले, "मपलं रान हाय. जमत असंल तर चला, न्हाईतर उडत जावा." अण्णांनी तार ठोकली न्हाई. अण्णा दर साली नांगरताना बांध एक वीत सरकवायचे. विचारलं तर हात जोडायचे. "भिमाबाई, तुमी घरच्याच. मोजणी करू. पुढच्या हप्त्यात करू." चहाबी द्यायचे. अंगणात.

आता उरलेल्या वाटंनं मोटारसायकल जाते, तीबी पाय वर घेतले तर.

मायनं तंटामुक्ती समितीकडं अर्ज केला त्याला तीन वर्षं झाली. दुकानवाल्यानं सांगितलं, शनिवारपस्तोर चक्की उचला, न्हाईतर माघारी धाडतो. मंगळवार चालू होता.

म्या पारावरूनच समितीत गेले. समितीचे अध्यक्ष विजयसिंह दादा. लिहिणारे धोंडीराम मामा, ग्रामपंचायतीत कारकून होते, रिटायर झाले तरी शाईचा पेन खिशातून गेला न्हाई. दादांचा चेहरा उतरला होता. शुक्रवारी तालुक्याहून तपासणीला पथक यायचं होतं. गावात एकबी तंटा शिल्लक न्हाई असं दाखवलं की बक्षीस, कमान, फोटो. आन् मंगळवारी गावातली दोन मोठी माणसं बुटानं भांडली.

"दादा, आमच्या वाटंचा तंटा बी मिटवा त्याच्यासंगं," म्या म्हणलं.

धोंडीराम मामानं रजिस्टर चाळलं. "तुमचा तंटा न्हाई, पोरी. तुमची विनंती हाय."

"म्हंजे?"

"अर्जात लिहिलंय, नम्र विनंती की. विनंतीचं रजिस्टर वेगळं. त्याला मुदत नसती."

"आन् ह्यांचा तंटा कसा?"

"ह्यांनी मारामारी केली ना. मारामारी, शिवीगाळ, धमकी, ह्यातलं एक पाहिजे."

म्हंजे तीन वर्षं आमी गुमान राहिलो म्हणून आमचं काम झालं न्हाई. माझं डोकं तिथंच सणकलं. पण मायनं बजावलं होतं, चक्की घरात येईपस्तोर तोंड उघडायचं न्हाई. म्या तोंड मिटलं. लई दुखलं.

दादांनी मला वरून खाली बघितलं. "तुला इंग्रजी समजतंय म्हणतेत?"

समजतंय. मोबाइलवर चोवीस तास तेच बघते. शिकवायला कुणी नसलं की लवकर येतंय.

"मंग तू बस सुनावणीला. गुलामगिरीचं खरं काय ते वाचून ये. अमेरिका वाईट का युरोप वाईट, गुरुवारी दुपारी सांग. त्याशिवाय हे दोघं सही करणार न्हाईत."

"आन् आमची वाट?"

"बघू ना," दादा म्हणले. बघू ना म्हंजे काय, हे आमच्या वस्तीतल्या शेळ्यांना बी कळतंय. पण म्या हो म्हणलं. म्हणलं, निकाल आपल्या हातात आला तर वाटंचं बी कायतरी निघंल.

दोन दिवस वाचलं. डोळे लाल झाले. माय म्हणली, "एवढं नववीत वाचली असतीस तर."

गुरुवारी सभागृह भरलं. बायाबी आल्या. ज्यांना अमेरिका कुठं हाय म्हाईत न्हाई ते पुढच्या रांगेत. दादांनी भोंगा लावला होता, म्हंजे सगळ्या गावाला ऐकू जाईल. धोंडीराम मामानं छापील फॉर्म काढला.

"वादी, अमेरिका. प्रतिवादी, युरोप," त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिलं. "अमेरिकेचा गट नंबर काय?"

सगळे माझ्याकडं बघायले.

"मामा, देश हाय तो. गट नंबर नसतो."

"बिनागटाची जमीन असती का कुठं? बरं, चतुःसीमा सांग."

"पूर्वेला समुद्र, पश्चिमेला समुद्र, वर कॅनडा, खाली मेक्सिको."

"मेक्सिकोसंगं बांधावरून वाद हाय का?"

"हाय," म्या म्हणलं. "भिंत घालायलेत."

मामा खूश झाले. एवढं तरी फॉर्मात बसलं.

तात्या उठले. कवळी धुऊन बसवली होती पण बसली न्हाई नीट, त्यामुळं बोलताना शिट्टी वाजायची. "अमेरिकेत भेदभाव बिलकुल न्हाई. मी सहा महिने राहिलो. एक दिवस मला बघून पोलिसांनी गाडी थांबवली, दोघं खाली उतरले आन् मला साहेब म्हणले. इथं आपल्या पोलिसानं कधी म्हणलंय का?"

टाळ्या वाजल्या.

अण्णा उठले. "हॉलंडात तर दुकानात गेलो की एक माणूस खास आमच्या मागं. ह्या रांगेतून त्या रांगेत, आमी जाऊ तिथं. एवढी सेवा. आन् सणाला लोक तोंड काळं करून मिठाई वाटतेत. काळ्या माणसाबद्दल एवढं प्रेम."

परत टाळ्या. म्या म्हणलं, "साक्षीदार पाहिजेत."

"आमीच साक्षीदार," दोघं म्हणले.

"तुमच्या बायका नव्हत्या का संगं?"

तात्या आन् अण्णा पहिल्यांदा एकमेकांकडं बघायले. मंगळवारपासून बघितलं नव्हतं.

वनमालाकाकू उठल्या. "खरं सांगू का?"

"सांगू नको," तात्या म्हणले.

"सकाळी सहाला हे बंडी-पायजम्यावर बाहेर गेले. एकाच्या घराम्होरचं गवत बघत उभे राहिले. वाकून हातानं चाचपून बघायले. घरातल्या बाईनं खिडकीतून बघितलं आन् फोन केला. पोलीस आले. हात वर करा म्हणले. ह्यांनी केले. मंग विचारलं, काय करायलाव? हे मराठीत म्हणले, साहेब, घास लई चांगला हाय, म्हशीला किती दिवस पुरंल? पोरगा धावत गेला तवा सोडलं."

सभागृहात असला हशा झाला की भोंगा कुईं करायला लागला.

"ते साहेब म्हणले होते का न्हाई?" तात्या ओरडले. शिट्टी लई मोठी वाजली.

"म्हणले. 'हात खाली घेऊ नका साहेब' म्हणले."

आता अण्णांच्या बायकू, छबुबाईकाकू. बहीण बोलली म्हणल्यावर त्या कशाला राहतेत. "तो दुकानातला माणूस सेवेला नव्हता. चोर समजून मागं फिरायचा. ह्यांनी त्येच्याच हातात पिशवी दिली, धर म्हणून. अन् त्या सणाला तोंडं काळी केलेली बघून ह्यांनी फोटो काढला. म्हणले, शिमगा हाय का? लेक इतकी चिडली. म्हणली, बाबा, ही थट्टा हाय काळ्या लोकांची, इथं ह्याच्यावरून दर साली भांडणं होतेत, कैक गावांनी बंद केलंय हे. आन् ट्राममधी ह्यांच्या बाजूला जागा मोकळी असली तरी लोक उभं राहायचे. हे म्हणायचे, मान देयलेत."

हसू कमी झालं. अण्णा बुटाकडं बघायले. मला त्या दोघांची दया आली असं म्हणणार होते, पण न्हाई आली. थोडी आली.

दादा म्हणले, "पौर्णिमे, तू सांग आता. वाईट कोण?"

म्या माइक घेतला. "दोन्हीकडं ऊस."

"काय?"

"गुलाम कशाला पकडून नेले? ऊस तोडायला. कापूस वेचायला. आपण करतो तेच काम."

पुढच्या रांगेतला एक ऊसतोडीवाला सरळ बसला. "मुकादम कोण होता तिकडं?"

"होता की. चाबूक घेऊन. पळून गेलं तर कुत्री सोडायचे. लेकरंबी मालकाचीच." म्या माइक दुसऱ्या हातात घेतला. "फरक असा की अमेरिकेनं मळा घराम्होरच लावला. म्हणून तिथं सगळ्यांना दिसलं. त्यावरून त्यांच्यात लढाई झाली, गुलाम सुटले. सुटल्यावर जमीन देतो म्हणले, काहींना दिलीबी, आन् परत काढून घेतली. मंग नळ वेगळे, बस वेगळी, शाळा वेगळी. शंभर वर्षं. तोंडावर सांगायचे, तू इथं बसायचं न्हाई."

"आन् युरोप?" धोंडीराम मामा पेन धरून.

"युरोपानं मळे समुद्रापल्याड लावले. घरात नुसती साखर यायची. म्हणून त्यांना आजबी वाटतंय, आमी कुठं काय केलं. हॉलंडनं गुलाम सोडले तवा भरपाई दिली. कुणाला म्हाईत हाय का? मालकांना. आन् सुटलेल्यांना सांगितलं, अजून दहा वर्षं मळ्यावरच काम करा. दीडशे वर्षांनी माफी मागितली. चांगली मागितली, मी बघितली मोबाइलवर. आन् इलेक्शन आलं की दोन्हीकडं एकच, बाहेरच्यांना हाकला. ह्या दोघांना बी तिथं बाहेरचेच म्हणतेत, कितीबी टोपी घाला."

"म्हंजे जास्त वाईट कोण ते सांग की," दादा म्हणले. "एक नाव लिहायला जागा हाय फॉर्मात."

"दादा, एक जण तोंडावर म्हणतोय, उडत जावा. दुसरा हात जोडून म्हणतोय, पुढच्या हप्त्यात. चालणाऱ्याला दोन्हीकडं वाट न्हाईच. ह्यात जास्त वाईट कोण, तुमीच सांगा."

सगळ्यांना कळलं, फक्त तात्या टाळ्या वाजवायले कारण त्यांना वाटलं हॉलंडला बोलले. मंग वनमालाकाकूनं कोपर मारलं.

दादा खाकरले. "पोरी, तो विषय वेगळा. ती विनंती हाय. आज तंटा चालू हाय."

मायनं सांगितलेलं मला आठवत होतं. दोन दिवस आठवत होतं. पण 'विनंती' हा शब्द परत ऐकला आन् डोक्यात कायतरी तडकलं. म्या माइक तोंडाजवळ घेतला आन् एक शिवी दिली. समितीला, अध्यक्षांना, दोन्ही खंडांना, सगळ्यांना मिळून एकच. कोणती ते लिहीत न्हाई, पण भोंग्यामुळं ती म्हसोबाच्या माळापस्तोर गेली. तिकडची शेरडं पांगली असं नंतर राखणारा म्हणला.

माय तोंडाला पदर लावून बसली. मला वाटलं, गेली चक्की.

दादा लालबुंद. "बाहेर काढा रे हिला!"

"थांबा," धोंडीराम मामा म्हणले. त्यांनी चष्मा वर केला, नियमाचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं. "शिवीगाळ. सार्वजनिक ठिकाणी. साक्षीदार दोनशे. दादा, हा तंटा झाला."

"लिहू नका मामा!"

"लिहिला. नंबर बी टाकला."

"खोडा!"

"शाई हाय." मामानं पेन शांतपणे खिशाला अडकवला. "भिमाबाई विरुद्ध राधाकिशन आन् सुंदरराव. विषय, वाट. उद्या पथक येयच्या आत मिटला न्हाई तर शिल्लक तंटे एक. कमान गेली."

मी मामाकडं बघितलं. मामा माझ्याकडं बघंनात. रजिस्टर पुसायले, उगं.

दादांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "तात्या, अण्णा, मिटवा हो. गावाची इज्जत हाय."

"आधी त्यानं बांध मागं घ्यावा," तात्या म्हणले.

अण्णा उभे राहिले, हात जोडले. "मी भिमाबाईची, सगळ्या वस्तीची, भर सभेत माफी मागतो. आमच्याकडून चूक झाली. ती चूक मी जन्मभर विसरणार न्हाई." डोळ्यात पाणी बी आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा खाली बसायले.

"अण्णा," म्या म्हणलं, "माफीवरून टेम्पो जाईल का?"

अण्णा अर्धवट बसलेले तसेच राहिले.

तात्या खदखदा हसले. "बघा बघा, हा युरोप! नुसतं बोलाचं! आमच्याकडं असं नसतंय, आमच्याकडं काम असतंय काम!"

"मंग तार काढा की तात्या. तीन वर्षं ठोकलेली हाय."

तात्यांचं हसू तिथंच अडकलं. सगळं गाव बघायलं. वनमालाकाकू म्हणल्या, "पक्कड घरी हाय, आणू का?" तात्यांनी टोपी नीट केली आन् तरातरा निघाले. मागं सगळं गाव.

तात्यांनी तारेचा पहिला वेढा तोडला आन् अण्णांकडं बघून म्हणले, "अमेरिका!" अण्णांना काय सहन होतंय. त्यांनी फोन लावून ट्रॅक्टर बोलावला आन् बांध फोडला. चार फूट मागं गेले. तात्या म्हणले, मी पाच जातो. खांब उपटले. अण्णा म्हणले, सहा. वस्तीतली आमी सगळी कडंला उभी, कुणी मधी बोललं न्हाई, बोललं तर थांबले असते. दिवस मावळताना वाट एवढी रुंद झाली की दोन टेम्पो शेजारी शेजारी जातील. दादांनी मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला, हातात अण्णांच्या ट्रॅक्टरचा पाना.

धोंडीराम मामानं दोन्ही तंटे एकाच पानावर मिटवले. खाली निकाल लिहिला, तो म्या डोळ्यानं वाचला. "अमेरिका व युरोप यांना समज देऊन सोडण्यात आले."

मायनं घरी गेल्यावर मला शिवीबद्दल एक ठेवून दिली. मंग मोजून दोन भाकरी जास्त वाढल्या.

शुक्रवारी पथक आलं, चहा घेतला, गेलं. शनिवारी टेम्पो आला. चक्की उतरवायला सात जण लागले, लाइटचं कनेक्शन जोडायला एक आन् सल्ला द्यायला पंधरा. संध्याकाळी पट्टा फिरला आन् घरभर घर्रर्र झालं. मी दारात उभी राहिले, कोण येतंय बघत. वस्तीतल्या बायांचं दळण गावातल्या चक्कीवर आधीच गेलतं. कुणी आलं न्हाई. गावातून तर कोण येणार? गावातली माणसं आमच्या वस्तीत मत मागायला येतेत, दळण घेऊन न्हाई.

अंधार पडायच्या आधी वाटंवर एक बाई दिसली, डोक्यावर डबा. वनमालाकाकू. एवढ्या वर्षांत त्यांना आमच्या वस्तीत बघितलं नव्हतं. डबा खाली ठेवला, इकडं तिकडं बघितलं, पदर सारखा केला.

"ज्वारी हाय," त्या म्हणल्या. "बारीक येतंय का तुझं? आधी बघते, मंग ठरवते."

मला राग आला. मला येतोच. म्या म्हणलं, "लाइनीत उभं राहा काकू."

काकूंनी मागं बघितलं. "लाइन कुठंय? मी एकटीच हाय की."

"तरीबी उभं राहा."

काकू जरा थबकल्या. मंग डबा उचलला, दारापासून दोन पावलं मागं सरकल्या आन् उभ्या राहिल्या. म्या चक्कीचा दगड थोडा आवळला. बारीक यायला पाहिजे होतं.